आधी झाड, मग गिऱ्हाईक, नक्षी शेवटी: आपल्याकडच्या लाकूडकामाची पार्श्वभूमी

दिवाळीच्या आधी मुंबईत हस्तकलेची प्रदर्शनं लागतात ना, तिथे प्रत्येक स्टॉलवर गावाचं नाव असतं, सहारनपूर, काश्मीर, चन्नपट्टण, संखेडा, सावंतवाडी, आणि सोबत 'पारंपरिक' हा शब्द हमखास. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की त्या त्या गावात कोणीतरी हजार वर्षांपूर्वी एक डिझाइन ठरवलं आणि तेव्हापासून तेच चालू आहे. तसं काही नाहीये. बहुतेक ठिकाणी आधी आजूबाजूला कुठलं लाकूड मिळतं हे ठरलेलं होतं, मग कोणीतरी पैसेवाला आला, आणि नक्षी त्यानंतर. मुंबईचं उदाहरण घेतलं तर हे सगळ्यात चांगलं कळतं, कारण आपल्याकडे सागवानाचं म्हणावं असं जंगल नाही तरी एके काळी 'बॉम्बे फर्निचर' म्हणून एक वेगळी स्टाईलच होती.

पण जरा मागून सुरू करू. लाकूड टिकत नाही, वाळवी लागते, आग लागते, कोकणच्या हवेत कुजतं, त्यामुळे फार जुना पुरावा देशभरात कुठेच विशेष उरलेला नाही. जो थोडाफार उरलाय त्यातला एक लोणावळ्याजवळ, कार्ल्याच्या चैत्यगृहात. वर बघितलं की छताला कमानदार लाकडी फासळ्या दिसतात, त्या जवळपास दोन हजार वर्षं जुन्या आहेत, आणि स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडीच. आता गंमत बघा, अख्खं लेणं डोंगर फोडून कोरलेलं, छताला आधाराची काडीची गरज नाही, तरी त्यांनी आत लाकडी फासळ्या बसवल्या, कारण त्यांच्या डोळ्यापुढे लाकडी इमारतीच होत्या आणि फासळ्यांशिवाय ते छत त्यांना छत वाटलंच नसतं. म्हणजे दगडवाले सुतारांची कॉपी करत होते. बोरिवलीच्या कान्हेरीतलं मोठं चैत्यगृह पण त्याच धर्तीवरचं आहे, तिथलं लाकूड मात्र गेलं.

आता झाडांकडे. काश्मीरचा अक्रोड एकसारख्या बारीक रेषांचा असतो, पटकन चिरफळत नाही, म्हणून तिथला कारागीर चिनारचं पान, गुलाब, कमळ एकावर एक थर देऊन खोल कोरू शकतो, काही कामात तर पानाच्या खालून पण लाकूड काढलेलं असतं. सहारनपूरला शिसम, ते कडक, तिथे वेली आणि जाळी. (उत्तरेचा शिसम आणि आपल्याकडचा शिसव ही नात्यातली पण वेगळी झाडं, दुकानदार दोन्ही एकाच नावाने खपवतात.) मऊ, हलकं लाकूड असेल तर तिथे खेळणी होणार हे नक्की. सावंतवाडीला पांगारा, आंध्रात कोंडापल्लीला पोणिकी, चन्नपट्टणला ज्याला आपण काळा कुडा म्हणतो ते झाड. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं आणि भाज्या आपल्यातल्या अनेकांच्या शोकेसमध्ये असतीलच, त्यावर जास्त सांगायला नको. तिथली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, मात्र संपायलाच आली होती, १९७० च्या दशकात राजघराण्यानेच ती परत उभी केली, शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी. इथे पण बघा, गिऱ्हाईक गेल्यावर कला झोपली.

चन्नपट्टणचं काम एकदा जवळून बघाच. तिथे ब्रश लागत नाही. लाकडाचा तुकडा लेथवर गरागरा फिरत असतो आणि कारागीर त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवतो, घर्षणाने लाख तापते, वितळते आणि लाकडावर चढते, मग केवड्याच्या पात्याने दाबून घासलं की चकाकी येते, झालं. गुजरातेत संखेड्याला असंच लाखेचं काम पण सागावर, आणि त्यात कथलाचा वर्ख वापरून नक्षी काढतात, वर लाख चढली की तीच रुपेरी नक्षी सोन्यासारखी दिसायला लागते. मुंबईतल्या गुजराती घरातला तो लाल-सोनेरी झोपाळा आठवा, तोच हा माल.

आपल्या मराठी वाड्यांचं लाकूडकाम मला या सगळ्यात उगाच दुर्लक्षित वाटतं. सागाचे सुरूदार खांब, महिरपी, वरून लटकणारी केळफुलं. यातला सुरू हे काही आपलं झाड नव्हे, तो आकार मुघल बागांमधून आणि इमारतींमधून आला आणि पेशवाईत इतका मुरला की आज तोच अस्सल मराठमोळा म्हणून मिरवतो. पुण्यात विश्रामबागवाडा बघा, दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ चा, दर्शनी भाग अख्खा लाकडी. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, नाहीतर तुलना करता आली असती. पुण्याला जायचं नसेल तर काळाघोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा आणि मधल्या हॉलमध्ये मान वर करा, तिथली कोरीव लाकडी महिरपींची चौकट नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणून बसवलेली आहे. लोक खालच्या मूर्ती बघून पुढे जातात.

तर मुंबई. इथे लाकडाची खरी सुरुवात फर्निचरने नाही, जहाजांनी झाली. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून इथे गोदी बांधायला आले, आणि मग पिढ्यान् पिढ्या वाडियांनी मलबारच्या सागवानाची जहाजं बांधली. तिकडे इंग्लंडात ओक कमी पडत होता, आणि साग खाऱ्या पाण्यात टिकतो. इथे १८१७ मध्ये बांधलेलं 'त्रिंकोमाली' आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय, जाऊन बघता येतं. म्हणजे बंदरात लाकूड उतरत होतं, सुतार होते, लाकूड कापायची सोय होती.

त्याच बंदरात मलबार किनाऱ्याचा काळा शिसव पण यायचा, आणि १९ व्या शतकात त्यातून बॉम्बे ब्लॅकवुड जन्माला आलं. फोर्टात मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगीनदास मास्टर रोड, तिथे याची दुकानं होती. आकार पूर्ण युरोपियन, गोल टेबल, सोफा, पाठीला महिरपी, आणि त्यावर इंचभर पण जागा मोकळी न सोडता वेली, पानं, पक्षी, आरपार कोरलेले. घ्यायचे कोण, तर साहेब, आणि पुढे पैसेवाले पारशी आणि भाटिये शेठ. खरं सांगू, मला स्वतःला ते बसायला नाही तर बघायलाच आवडतं, पाठीला ते कोरीवकाम टोचणारच! पण कारागिरी जबरदस्त.

त्याहून भारी सडेली. याच्या पेट्यांना 'बॉम्बे बॉक्स' म्हणायचे, सुरतेला आणि मुंबईला व्हायच्या, कारागीर बरेचसे पारशी आणि तंत्र इराणच्या शिराझकडून आलेलं असं सांगतात. पद्धत अशी की हस्तिदंत, हिरवा रंगवलेला हस्तिदंत, आबनूस, चंदन, कथलाची तार यांच्या बारीक त्रिकोणी-चौकोनी काड्या जुळवून सरसाने एकत्र चिकटवायच्या, त्याचा जाड दांडा होतो, मग तो आडवा कापून पातळ चकत्या काढायच्या, प्रत्येक चकतीवर तीच चांदणी, आणि त्या चकत्या पेटीवर शेजारी शेजारी लावत जायचं. एका पेटीवर असे हजारो तुकडे.

गिऱ्हाईक किती लांबून हात घालायचं त्याचा नमुना म्हणजे अहमदाबाद. लॉकवुड डी फॉरेस्ट नावाचा अमेरिकन डिझायनर १८८१ मध्ये तिथल्या मगनभाई हठीसिंगांबरोबर लाकूड कोरण्याचा कारखाना काढतो, आणि हवेल्यांची नक्षी न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यांच्या मापाने कोरून जायला लागते. पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिरातलं १६ व्या शतकातलं लाकडी घुमटाचं छत आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, ते पण याच डी फॉरेस्टच्या आणि त्याच्या भावाच्या देणगीतून. वाईट वाटतं, पण इथे राहिलं असतं तर वाळवीने ठेवलं असतं का हा पण प्रश्न आहेच.

घसरण एका कारणाने नाही झाली. गोदरेजने १९२३ मध्ये स्टीलचं कपाट आणलं आणि हळूहळू लग्नातलं लाकडी कपाट बाद झालं. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९८६, १९९१ च्या दुरुस्त्या यांनी हस्तिदंत बंद केला, सडेलीचा आणि म्हैसूरच्या जडावकामाचा मुख्य माल गेला (बरंच झालं, हत्तींच्या बाजूने), म्हैसूरवाले प्लास्टिककडे आणि रंगीत लाकडाकडे वळले. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने जंगलतोडीवर कडक बंधनं घातली. मग २०१७ पासून शिसमच्या अख्ख्या कुळाला आंतरराष्ट्रीय व्यापारात परवाना लागायला लागला, सहारनपूर-जोधपूरच्या एक्स्पोर्टवाल्यांची धावपळ झाली, २०२२ मध्ये नियम थोडा सैल होऊन नगामागे १० किलोपर्यंतच्या शिसमला सूट मिळाली. तोवर जोधपूरवाले आंबा आणि बाभळीकडे वळलेलेच होते.

मुंबईत आता नवीन कोरीव काम म्हणजे बहुतेक एमडीएफवर मशीनने कापलेली जाळी, देव्हाऱ्याच्या मागे एलईडी लावून. जुना साग मात्र येतोय, गिरगाव-लालबागच्या चाळी रिडेव्हलपमेंटला गेल्या की त्यांच्या तुळया, खांब, दरवाजे भंगारवाले उचलतात, त्यातला बराच बर्मा टीक, आणि ते ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमध्ये डायनिंग टेबल होऊन 'राजस्थानी अँटिक' या नावाने विकलं जातं. घेताना खिळ्यांची जुनी भोकं बघून घ्या, खरं जुनं लाकूड असेल तर ती दिसतातच, आणि दिसली तर भाव करायला पण बरी पडतात.