ऑटोफोकस कुठे, मॅन्युअल कुठे? लेन्स भाड्याने नेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

लेन्स परत करताना सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: "लेन्स सॉफ्ट आहे", म्हणजे फोटो धूसर येतो. फोटो मोठा करून पाहिला की बहुतेक वेळा त्यात काहीतरी शार्प सापडतेच. पक्ष्यामागची फांदी, नाहीतर वाघापुढचे गवत. म्हणजे लेन्सने फोकस व्यवस्थित केला, पण नको तिथे. अंतर सारखे बदलत असेल तर काम ऑटोफोकसचे. अंतर बदलत नसेल, किंवा नेमके कशावर फोकस करायचे हे कॅमेऱ्याला कळण्यासारखे नसेल, तर काम तुमच्या हाताचे.

कॅमेरा कुठे फसतो

ऑटोफोकसला उजेड-अंधाराची कड लागते. कोतवाल पक्ष्याचे काळे अंग, धुके, कोरे आभाळ यांत कड नसते, म्हणून लेन्स पुढे-मागे धावत राहते. अशा वेळी कोतवालाच्या चोचीच्या किंवा पायाच्या कडेवर फोकस पॉइंट (कॅमेऱ्यात दिसणारी फोकसची चौकट) ठेवा. बरेचसे फोकस पॉइंट एकाच दिशेच्या रेषा ओळखतात. तारेवर बसलेल्या वेड्या राघूवर फोकस लागत नसेल तर कॅमेरा किंचित तिरका धरून पाहा, अनेकदा तेवढ्याने भागते. गवत आणि बांबू हे वेगळे दुखणे आहे. तिथे कडा भरपूर असतात आणि पुढची कड आधी पकडली जाते. डोळा ओळखणाऱ्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांनाही काड्यांच्या जाळीमागचा डोळा दर वेळी सापडत नाही.

पक्षी आणि वाघ: ऑटोफोकस, पण लगाम हातात ठेवून

भिगवणला होडीतून रोहित (फ्लेमिंगो) टिपायचे असतील तर सलग फोकस ठेवा, म्हणजे कॅमेरा हलत्या पक्ष्यावर फोकस सतत बदलत राहतो. निकॉन-सोनीत तो एएफ-सी, कॅननमध्ये सर्व्हो. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंदाच्या आसपास हवे. फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणाला द्या. अंगठा दाबलेला असेपर्यंत कॅमेरा पाठलाग करतो, उचलला की फोकस तिथेच थांबतो. वाघ बांबूआड असेल तर एकच पॉइंट निवडा, एएफ-ऑनने जवळपास फोकस आणा, अंगठा उचला आणि उरलेला फोकस रिंग फिरवून डोळ्यावर आणा. लेन्सचा स्विच एम/ए वर (ऑटोफोकस चालू, तरी रिंग हाताने फिरवता येते) असेल तर त्याला हातही लावावा लागत नाही. ही सवय घरच्या कुंडीवर चार दिवस करून मगच जंगलात जा. जिप्सीत बसल्यावर सेटिंग शिकायला वेळ मिळत नाही.

टेलिफोटोवरचा (लांबचे जवळ दाखवणाऱ्या लेन्सवरचा) लिमिटर स्विच, म्हणजे फोकस किती अंतरांत शोधायचा ते ठरवणारा, अवश्य पाहा. निकॉन २००-५०० वर तो ६ मीटरपासून अनंतापर्यंत, सिग्मा १५०-६०० कंटेम्पररीवर १० मीटरपासून अनंतापर्यंत ठेवता येतो. लेन्सची धाव कमी झाल्याने फोकस पटकन लागतो. मात्र खंड्या पाच मीटरवर येऊन बसला तर लेन्स त्याच्यावर फोकस करणारच नाही. ती बिघडलेली नसते, स्विच 'फुल'वर करा.

अंतराचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब: ५०० मिलिमीटर लेन्स, अपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ५.६, पक्षी १० मीटरवर, एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा. फोकसमध्ये येणारी एकूण खोली सुमारे ९ सेंटिमीटर. बगळ्याच्या पंखावर फोकस गेला तर डोळा हुकणारच. त्यात १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा, पल्ला वाढवणारा जोड) लावलात की एफ ५.६ चे एफ ८ होते, आणि बऱ्याच डीएसएलआरमध्ये (आरशाच्या कॅमेऱ्यांत) फक्त मधला पॉइंट चालतो. काहींत तोही नाही.

एप्रिल-मेमध्ये ताडोबात ऊन चढल्यावर तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरते. लांबचा प्राणी मऊच येतो, फोकस कोणताही असो. पहाटेची वेळ गाठा, नाहीतर अंतर कमी असेल तेव्हाच शटर दाबा.

फुले आणि बेडूक: इथे हात

कासला सीतेची आसवे वाऱ्यावर डोलत असतात. मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून टिपणाऱ्या) १:१ वर, म्हणजे फूल सेन्सरवर खऱ्या आकाराएवढे उमटते तेव्हा, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात, एफ ११ ला फोकसची खोली सुमारे १.३ मिलिमीटर असते. श्वास घेताना आपण त्याहून जास्त हलतो. ऑटोफोकस अशा वेळी एकदा हुकला की लेन्स सगळा पल्ला फिरून येते, तोवर फूल दुसरीकडे. अपर्चर आणखी बंद करूनही फारसे साधत नाही. १:१ वर एफ १६ हे प्रत्यक्षात एफ ३२ सारखे वागते आणि सगळाच फोटो मऊ पडतो.

करायचे असे. फूल फ्रेममध्ये किती मोठे हवे ते ठरवून रिंग फिरवा आणि तिथेच सोडा. मग रिंगला हात न लावता कॅमेराच तसूभर पुढे-मागे न्या. ट्रायपॉडवर असाल तर लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचे दृश्य) १० पट मोठा करून परागकोशाची कड पाहा. वारा पडला की लागोपाठ पाच-सहा फ्रेम घ्या. सेन्सर फुलाच्या पाकळीला समांतर ठेवलात तर त्याच खोलीत जास्त भाग बसतो. फोकस पीकिंगच्या (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या) रंगीत रेषा खऱ्या फोकसपेक्षा जाड दिसतात, इतक्या जवळून त्यांच्यावर विसंबू नका. ट्रायपॉडचे पाय कातळावर टेका, फुलांवर नको.

डीएसएलआरच्या खिडकीतून (व्ह्यूफाइंडरमधून) हाताने फोकस करणार असाल तर आधी तिच्याशेजारचे डायॉप्टरचे (खिडकी आपल्या नजरेशी जुळवण्याचे) चाक लावून घ्या. समोरचे दृश्य न पाहता आतले आकडे स्पष्ट होईपर्यंत ते फिरवा. हे न केल्याने चष्मेवाल्यांचे कितीतरी फोटो वाया जातात.

आंबोलीत रात्री बेडकांसाठी फोकसचा मदत-दिवा मेनूमधून बंद करा आणि सोबत्याला टॉर्च बाजूने धरायला सांगा. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या बॅग उघडू नका, अर्धा तास बंदच राहू द्या. पुढच्या काचेवर दव धरले की कोणताच फोकस चालत नाही.

काजवे

भंडारदऱ्याला मेअखेर ते पहिल्या पावसापर्यंत काजवे टिपायचे तर उजेड असतानाच जागा ठरवा. समोरच्या झाडावर ऑटोफोकस करा, स्विच एम वर टाका, रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. सेलोटेप नको, गोंद राहतो. अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नका, बऱ्याच लेन्स तिच्या पुढेही फिरतात. अनेक मिररलेस लेन्समध्ये कॅमेरा बंद झाला की फोकस हलतो, म्हणून आपोआप बंद होण्याची सोय काढून ठेवा. टॉर्च लावू नका. काजवे जोडीदाराला उजेडानेच बोलावतात.

नेण्याआधी

निकॉन डी ३५०० किंवा डी ५६०० असेल तर बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी एएफ-डी लेन्स (जिच्या स्वतःच्या आत मोटर नसते) त्यावर हातानेच फोकस करावी लागेल. खिडकीत डावीकडे खाली हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस लागला. जुन्या, स्वस्त किट लेन्सची (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या) रिंग स्विच ए वर असताना जोराने फिरवू नका, आतले दाते झिजतात. एसटीएम लेन्सची (जिची रिंग विजेवरच चालते) रिंग कॅमेरा बंद असताना फिरवून काही होत नाही, तो दोष नाही.

लेन्स तरीही सॉफ्ट वाटली तर फोटो डिलीट करू नका. मूळ फाइल कार्डावर तशीच ठेवून कार्ड आणि कॅमेरा दोन्ही घेऊन या. प्लेबॅकमध्ये फोकस पॉइंट कुठे होता ते दिसते, आणि पाच मिनिटांत कळते की दोष लेन्सचा आहे, सेटिंगचा आहे की हात हलला. दोष लेन्सचा निघाला तर त्या दिवसांचे भाडे घेत नाही.