नळ गळतोय, पण मेनूत ‘नळ’ कुठे आहे?

स्वयंपाकघरातला नळ गळायला लागतो. घरातलं कुणीतरी फोन हातात घेऊन गावातल्या हार्डवेअरच्या दुकानाची वेबसाइट उघडतं. दुकान चालू आहे का आणि हवी ती वस्तू आहे का, एवढं कळलं तरी एक चक्कर वाचणार असते. समोर मेनू येतो: मुख्यपृष्ठ, आमच्याविषयी, ब्रँड, सॅनिटरीवेअर, सीपी फिटिंग, गॅलरी, संपर्क. नळ कुठेच नाही. म्हणजे आहे, पण ‘सीपी फिटिंग’च्या पोटात. सीपी म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेलं, हे दुकानदाराला, काउंटरवरच्या पोराला आणि प्लंबरला ठाऊक असतं. ज्याच्या ओट्यावर पाणी साचतंय त्याला ते ठाऊक असायचं काही कारण नाही.

साइटवर लोक टिकत नाहीत असं लक्षात आलं की बहुतेक दुकानदार रंग बदलून घेतात, वर सरकत्या चित्रांची पट्टी लावतात. साइट नवी दिसते आणि नळ होता तिथेच दडून राहतो. गफलत मांडणीत असते. या मांडणीवर मानसशास्त्र, ग्रंथालयशास्त्र आणि संगणकशास्त्र यांनी गेली कित्येक दशकं प्रयोग केलेत, वेळ मोजलेत, चुका मोजल्यात. त्यातलं पुष्कळसं तालुक्याच्या दुकानालाही जवळजवळ फुकटात वापरता येतं.

सुरुवात नावांपासून करावी लागते. १९८७ साली जॉर्ज फर्नास आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न तपासला: एखाद्या वस्तूला किंवा कृतीला माणसं आपणहून काय नाव देतात? संगणकाच्या आज्ञांपासून पाककृतींपर्यंत वेगवेगळ्या क्षेत्रांत त्यांनी हे करून पाहिलं. कुठल्याही दोन माणसांनी एकाच गोष्टीला एकच शब्द वापरण्याची शक्यता २० टक्क्यांहून कमी निघाली. म्हणजे दुकानदाराने कितीही विचार करून एक नाव ठरवलं, तरी बहुतेक गिऱ्हाइकांच्या मनात त्या क्षणी दुसराच शब्द असणार. फर्नासचा उपायही सरळ होता. एका वस्तूला हवी तेवढी नावं चिकटवा आणि कुठल्याही नावाने ती सापडू द्या. कुणी नळ म्हणेल, कुणी तोटी, कुणी टॅप, कुणी कॉक. चारही शब्द वस्तूच्या पानाला जोडलेले हवेत.

मग मेनूत कुठलं नाव लिहायचं? तिथे जागा एकाचीच असते. इथे एलेनॉर रॉश या मानसशास्त्रज्ञ बाईंचं १९७०च्या दशकातलं काम उपयोगी पडतं. त्यांनी दाखवलं की आपण जगाची वर्गवारी करतो तेव्हा एक मधली पायरी आपल्याला सर्वांत जवळची असते. समोरच्या वस्तूला माणूस पटकन ‘खुर्ची’ म्हणतो. ‘फर्निचर’ म्हणत नाही, आणि ‘स्वयंपाकघरातली खुर्ची’ही सहसा म्हणत नाही. लहान मुलंही आधी ही मधली नावं शिकतात. ‘सॅनिटरीवेअर’ ही फर्निचरची पायरी झाली, ‘क्वार्टर टर्न बिब कॉक’ ही त्याहून खालची. मधली पायरी ‘नळ’. व्यापारात मुरलेल्या माणसाची मधली पायरी मात्र खाली सरकते. त्याला बिब कॉक आणि अँगल कॉक हेच मुळात वेगवेगळे प्राणी वाटतात. म्हणून मेनू दुकानदाराने एकट्याने बसून लिहू नये. तो अडाणी असतो म्हणून नव्हे. त्याला फार कळतं, हीच अडचण असते.

शब्द बरोबर असला की पुढे काय घडतं, हे झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९९०च्या दशकात मांडलं. त्यांनी कल्पना उचलली ती थेट प्राण्यांच्या अभ्यासातून. पक्षी एका झुडपात किती वेळ दाणे टिपतो आणि कधी उडून दुसऱ्या झुडपावर जातो, याचं गणित एरिक चार्नोव्ह या जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली मांडलं होतं. मिळकत मंदावून सगळीकडच्या सरासरीवर आली की पक्षी उडतो. पिरोली आणि कार्ड म्हणाले, माहिती शोधणारा माणूसही असाच चरतो. प्रत्येक दुव्याला एक वास असतो. त्या शब्दांवरून आत काय असेल याचा अंदाज बांधत तो पुढे जातो, आणि वास फिका पडला की निघून जातो. ‘आमची उत्पादने’ या शब्दांना वास नाही. ‘अधिक माहिती’ला तर अजिबात नाही. ‘नळ, शॉवर, जेट स्प्रे’ याला आहे. आणि आजच्या पक्ष्याला पुढचं झुडूप फार लांब नसतं. मागे जाऊन गूगलमधला दुसरा दुवा दाबला की झालं.

आता एक लोकप्रिय गैरसमज. मेनूत सातच्या वर गोष्टी नकोत, असं अनेक वेब डिझायनर छातीठोकपणे सांगतात आणि जॉर्ज मिलर यांच्या १९५६च्या निबंधाचा हवाला देतात. मिलर यांचं ते म्हणणं होतं क्षणिक स्मरणशक्तीबद्दल: डोक्यात एका वेळी साधारण सात, दोन इकडे दोन तिकडे, इतके तुकडे मावतात. पण मेनू पाठ करायचा नसतो, तो डोळ्यांसमोर असतो. १९९८ साली केव्हिन लार्सन आणि मेरी चेर्विन्स्की यांनी ५१२ पानांची मांडणी तीन तऱ्हांनी करून लोकांना शोधायला लावलं. एकीत तीन पायऱ्या, प्रत्येकीवर आठ पर्याय. दुसरीत आधी १६ आणि आत ३२. तिसरीत आधी ३२ आणि आत १६. आठ-आठ-आठवाली सुटसुटीत दिसणारी मांडणी सर्वांत हळू ठरली, आणि आधी १६, आत ३२वाली सर्वांत जलद. प्रत्येक खोल पायरीवर माणसाला पुन्हा एकदा ‘हे यात असेल की त्यात’ असा अंदाज करावा लागतो आणि प्रत्येक अंदाज चुकू शकतो. म्हणून हार्डवेअरच्या दुकानाने पहिल्याच पानावर बारा-पंधरा स्पष्ट नावं दिली तर बिघडत नाही. तीन क्लिकच्या आत सगळं सापडलंच पाहिजे, हा नियमही असाच ऐकीव. वास पक्का असेल तर माणूस चौथी क्लिकही कुरकुर न करता करतो.

पण खरा गुंता पुढे आहे, आणि तो एका भारतीय माणसाने सोडवला. दुकानात एल्बो, म्हणजे पाइपला वळण देणारा जोड, ठेवायचा कुठे? सीपीव्हीसीच्या, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या, खणात? अर्धा इंचीच्या? गरम पाण्याच्या लाइनच्या सामानात? की कंपनीच्या नावाखाली? लाकडी खणात एक वस्तू एकाच जागी राहू शकते. हाच पेच पुस्तकांचा. पावसाळी भातावरच्या किडीचं पुस्तक शेतीत लावायचं की कीटकशास्त्रात? शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तिथल्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा संच पाहिला: मोजक्या पट्ट्या आणि स्क्रू, पण जोडाल तशी वेगळी वस्तू. विषयांचंही असंच करावं, असं त्यांच्या मनात आलं. आधीच कप्पे करून ठेवण्याऐवजी विषयाचे पैलू पाडायचे आणि गरजेप्रमाणे जोडायचे. १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध झाली. आज खरेदीच्या साइटवर डाव्या हाताला किंमत, माप, रंग, कंपनी अशा चौकटी दिसतात, त्यांचं मूळ या पैलूंच्या विचारात आहे. एका दुकानात सुचलेली गोष्ट ग्रंथालयातून फिरून पुन्हा दुकानात आली.

एल्बोचे पैलू पाडून बघा. कशाचा: सीपीव्हीसी, यूपीव्हीसी (साधं कडक प्लास्टिक), जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड). माप: अर्धा, पाऊण, एक इंच. काम: गरम पाणी, गार पाणी, सांडपाणी. जागा: बेसिन, न्हाणीघर, गच्चीवरची टाकी. प्लंबर पहिल्या दोन पैलूंनी आत शिरतो, घरमालक शेवटच्या दोन. दोघांसाठी वेगळी साइट लागत नाही. प्रत्येक वस्तूची ही चार खाती नीट भरलेली असली की दोन्ही वाटा आपोआप तयार होतात. कष्ट इथेच आहेत. पाइपच्या मापात अर्धा इंच आणि १५ मिलिमीटर एकच, हे एका नोंदीत आहे आणि दुसरीत नाही, असं झालं की चाळणी, म्हणजे डाव्या हाताची ती चौकट, खोटं बोलायला लागते. आणि दुकानात साठ वस्तू असतील तर दहा चाळण्या लावू नयेत, तो नुसता थाट होतो.

गिऱ्हाइकांच्या डोक्यातले गठ्ठे कसे आहेत हे विचारून कळत नाही, करवून घ्यावं लागतं. वस्तूंची नावं लिहिलेल्या चाळीसेक चिठ्ठ्या द्यायच्या आणि म्हणायचं, तुम्हाला जुळतील तशा लावा आणि गठ्ठ्यांना नावं द्या. मग कुठली जोडी किती जणांनी एकत्र ठेवली ते मोजायचं. टॉम टुलिस आणि लॅरी वुड यांनी २००४ साली दाखवलं की वीस-तीस माणसांनंतर चित्र फारसं बदलत नाही. प्लंबर आणि घरमालक यांचे आकडे मात्र वेगळे ठेवा. दोघांची सरासरी काढली तर कुणाच्याच डोक्यात नसलेला मेनू तयार होतो.

त्यावरून बनलेला मेनू कागदावर लिहून पाच जणांसमोर ठेवायचा आणि काम सांगायचं: ‘बेसिनखालचा पाइप गळतोय, कुठे बोट ठेवाल?’ ते पहिलं बोट महत्त्वाचं. बॉब बेली आणि कारी वुल्फसन यांच्या अभ्यासात पहिली क्लिक बरोबर पडलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांचं काम झालं. चुकलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. पाचच जण का? जेकब निल्सन आणि टॉमस लँडॉवर यांच्या १९९३च्या गणितानुसार एका माणसाकडून वापरातल्या सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात, आणि पाचव्यापर्यंत हा आकडा ८५च्या घरात जातो. शंभर जणांना एकदा दाखवण्यापेक्षा पाच जणांना तीनदा दाखवणं आणि मधे दुरुस्ती करणं शहाणपणाचं.

मराठी साइटला एक अडचण जास्तीची असते, आणि ती इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. फरशी धुवायचं ॲसिड शोधपेटीत लिहा. काही कळफलकांवर पहिलं अक्षर युनिकोडमधलं एकसंध ‘ॲ’ येतं, काहींवर ‘अ’वर वेगळा चंद्र चढतो (अॅ), आणि काही जण हिंदीतलं ‘ऍ’ वापरतात. डोळ्याला पहिली दोन सारखीच, पण संगणकासाठी तीनही वेगवेगळी. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण चालवूनही ती एक होत नाहीत. त्यामुळे वस्तू दुकानात भरलेली असते आणि साइट म्हणते, काहीही सापडले नाही. शोधण्याआधी या तिन्हींचं एकच रूप करून घेणाऱ्या दोन ओळी प्रोग्रॅमरकडून लिहून घ्याव्यात. रोमन लिपीतलं ‘nal’ही नळाच्या नावांत जोडावं, कारण निम्मे लोक तसंच टंकतात असं माझं तरी निरीक्षण आहे.

फोनवर बटणं अंगठ्याला सापडतील एवढी मोठी हवीत. पॉल फिट्सने १९५४ सालीच दाखवलं होतं की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका नेम धरायला वेळ जास्त. पत्ता, वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि फोन नंबर वरच दिसू द्या. ‘संपर्क’च्या आत दडवू नका.

नवी मांडणी चढवताना जुने पत्ते मोडतात, हे शेवटपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. कुणीतरी दोन वर्षांपूर्वी टाकीचा दुवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला असतो, गूगलनेही जुनाच पत्ता टिपलेला असतो. साइट बदलल्यावर तिथे ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ असा संकेत, दिसतो. त्याऐवजी सर्व्हरला ३०१ हा कायमच्या स्थलांतराचा संकेत द्यायला सांगावं, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस त्याच वस्तूच्या नव्या पानावर जातो. सगळ्यांना मुख्यपृष्ठावर नेऊन सोडणं ही पळवाट झाली.

आणि शोधपेटीत टंकलेले, पण काहीच न सापडलेले शब्द साठवून ठेवायला सांगा. दर महिन्याला ती यादी वाचली की दोन ढीग पडतात. एकात असलेल्या मालाची वेगळी नावं. ती वस्तूंच्या पानांना जोडून टाकायची. दुसऱ्यात दुकानात नसलेला माल. मे महिन्यात ‘ताडपत्री’ पाच-सहा वेळा आली असेल, तर ती यादी वेबसाइटवाल्याकडे न देता होलसेलवाल्याकडे द्यायची.