टोनी फोर्डच्या ९३१ मॅचेस आणि खालच्या लीगमधला मिडफिल्डर

ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रिम्सबी टाउनने लीग कपमध्ये मँचेस्टर युनायटेडला पेनल्टीवर १२-११ असं घरी पाठवलं, तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच युनायटेडवाल्यांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असणार. इंग्लंडच्या चौथ्या लेव्हलचा क्लब, नॉर्थ सीच्या काठावरचं मासेमारीचं बंदर, आणि ग्राउंड तर ग्रिम्सबीत पण नाही, शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे. पण मला या क्लबबद्दल जे सांगायचंय ते त्या रात्रीचं नाही. फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या प्रोफेशनल क्लबांच्या डिव्हिजनवार लीगमध्ये, गोलकीपर सोडून सगळ्यात जास्त मॅचेस खेळलेला माणूस इथूनच निघाला, टोनी फोर्ड. ९३१ लीग मॅचेस. त्याच्या पुढे एकटा पीटर शिल्टन, १००५, पण तो गोलकीपर, आणि गोलकीपरचं गणित वेगळंच असतं. बरं या ९३१ मधली एकही मॅच टॉप डिव्हिजनमधली नाही, म्हणून तर नाव कुणाला माहीत नाही.

फोर्ड राइट विंगर म्हणून सुरू झाला, मग राइट मिडफिल्ड, वय वाढल्यावर राइट बॅक. लोक म्हणतात काय फिटनेस असेल, आणि होताच. पण खालच्या लीगमधल्या मिडफिल्डरचं करिअर किती चालणार हे पायांपेक्षा कागदावर, म्हणजे नियम आणि कॉन्ट्रॅक्टवर, जास्त ठरतं असं माझं मत आहे, आणि ते कागद कसे बदलत गेले हे कळल्याशिवाय ९३१ या आकड्याचा अर्थ लागत नाही.

तर मागे जाऊ. १८९३ पासून इंग्लंडमध्ये रिटेन अँड ट्रान्सफर नावाची सिस्टिम होती. प्लेअरचं कॉन्ट्रॅक्ट वर्षाचं, सीझन संपला की क्लब एक लिस्ट काढणार, त्यात ज्यांना ठेवायचं ते, ज्यांना विकायचं ते, आणि ज्यांना सोडून द्यायचं ते. यात गंमत अशी की कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी तुमचं रजिस्ट्रेशन क्लबकडेच राहायचं, म्हणजे क्लबने तुम्हाला खेळवलं नाही, पगार दिला नाही, तरी तुम्ही दुसरीकडे खेळू शकत नव्हता. वेठबिगारी म्हणा ना सरळ. वर १९०१ पासून मॅक्सिमम वेज, सुरुवातीला आठवड्याला ४ पौंड, आणि वाढत वाढत १९६१ पर्यंत फक्त २० पौंड झालेलं. त्यामुळे एक उलटी गोष्ट अशी व्हायची की टॉपच्या क्लबचा स्टार आणि खालच्या डिव्हिजनमधला चांगला हाफ-बॅक (तेव्हाचा मिडफिल्डर) यांच्या पगारात फारसा फरक नसायचा, अंतर होतं ते पेपरातल्या नावात.

जानेवारी १९६१ मध्ये जिमी हिलच्या प्लेअर्स युनियनने संपाची धमकी दिली आणि ती मर्यादा गेली, फुलमचा जॉनी हेन्स लगेच १०० पौंडवर गेला. मग १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या केसमध्ये जस्टिस विल्बरफोर्सने निकाल दिला की ही रिटेनची पद्धत म्हणजे माणसाच्या धंद्यावर अन्यायकारक बंधन आहे. ईस्टहॅमला न्यूकॅसल सोडायचं होतं आणि क्लब सोडत नव्हता, एवढ्या साध्या भांडणातून हे झालं. यातून हेन्ससारख्यांचं भलं झालं हे सगळे सांगतात, पण खालच्या डिव्हिजनमध्ये वीसच्या पुढे पगार द्यायला पैसे कुठे होते? तिथे दरी उघडायला सुरुवात झाली ती इथूनच.

दुसरा कागद म्हणजे लीगचा नकाशा. १९५८ पर्यंत थर्ड डिव्हिजन नॉर्थ आणि साउथ असं वेगळं होतं, मग ते एकत्र करून थर्ड आणि फोर्थ डिव्हिजन झाले. फोर्थच्या तळाशी चार क्लब यायचे त्यांना रिलेगेशन, म्हणजे आपोआप खाली जाणं, नव्हतं, री-इलेक्शन होतं, म्हणजे बाकीच्या क्लबांनी मतं द्यायची की यांना ठेवायचं की बाहेरच्या कुणाला घ्यायचं. अर्थात बहुतेक वेळा एकमेकांना सांभाळून घ्यायचे. १९७२ मध्ये मात्र बॅरोला काढलं आणि हेरफर्डला घेतलं, कारण हेरफर्डने त्याच वर्षी एफए कपमध्ये न्यूकॅसलला हरवून नाव केलेलं. याच हेरफर्डकडे १९७४ मध्ये टेरी पेन आला, साउदॅम्प्टनसाठी ७१३ लीग मॅचेस खेळलेला, १९६६ च्या वर्ल्ड कप टीममधला विंगर. हेरफर्डला येईपर्यंत तोही मिडफिल्डमध्ये सरकलेला, तिथे त्याने अजून १११ मॅचेस जोडल्या आणि ८२४ चा रेकॉर्ड झाला. हा आकडा लक्षात ठेवा.

दुसरं मतदान १९८० चं. रॉचडेल तळाला, समोर आल्ट्रिंचम, आणि रॉचडेल वाचलं २६-२५ ने. आल्ट्रिंचमला मत देणार म्हणालेल्या ग्रिम्सबीचा माणूस चुकीच्या वेळेला पोचला म्हणून ते मत हुकलं असा किस्सा अजून सांगतात. एका मताने एका गावाचा लीग फुटबॉल राहिला आणि दुसऱ्याची संधी गेली, आणि त्या रॉचडेलच्या टीममध्ये जे कोणी मिडफिल्डर होते त्यांची घरं त्या एका मतावर चालली, हे डोक्यात घेतलं की कसंतरी होतं.

आता फोर्ड. जन्म मे १९५९, गाव ग्रिम्सबी, पहिली लीग मॅच ऑक्टोबर १९७५ मध्ये, वय १६. तेव्हा अप्रेंटिस पद्धत होती, पोरांनी सीनियर्सचे बूट पॉलिश करायचे, ड्रेसिंग रूम झाडायची, आणि सतरा-अठराव्या वर्षी क्लबने ठरवायचं की प्रोफेशनल करायचं की घरी पाठवायचं, आणि घरी पाठवलेलेच जास्त. तो आला तेव्हा गावाची पण वाट लागत होती, कारण १९७५-७६ मध्ये आइसलँडबरोबर कॉड वॉर चाललेलं, ते ब्रिटन हरलं आणि ग्रिम्सबीच्या लांब पल्ल्याच्या ट्रॉलर्सचा धंदा बसला. आणि याच काळात, डिसेंबर १९७६ मध्ये, अमेरिकेचा हेन्री किसिंजर ग्रिम्सबीची मॅच बघायला येऊन बसला होता, कारण ब्रिटनचा परराष्ट्र मंत्री अँथनी क्रॉसलंड इथलाच खासदार! त्या सीझनला टीम फोर्थ डिव्हिजनमध्ये गेली ती गेलीच.

पण मग १९७९ ला प्रमोशन, लगेच १९८० ला थर्ड डिव्हिजन चॅम्पियन, आणि विशीतला फोर्ड सेकंड डिव्हिजनमध्ये. तो या क्लबकडे पहिल्या फेरीत ३५५ लीग मॅचेस खेळला. दरम्यान १९७८ मध्ये फ्रीडम ऑफ कॉन्ट्रॅक्ट आलं, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर प्लेअर जाऊ शकतो, फक्त नवीन क्लबने भरपाई द्यायची, आणि आकड्यावर पटलं नाही तर ट्रायब्युनल ठरवणार. ही भरपाईची अट साधी वाटते पण खालच्या क्लबांचा जीव तिच्यात होता, कारण पोरगा घडवा, चार-पाच सीझन खेळवा, आणि वरच्याला विकून छत दुरुस्त करा असाच त्यांचा हिशोब.

१९८६ मध्ये फोर्ड सुंदरलँडला लोनवर, म्हणजे काही दिवस उसना, जाऊन आला आणि मग स्टोक सिटीकडे गेला, ११२ मॅचेस, मग १९८९ मध्ये वेस्ट ब्रॉम, ११४. त्याच वर्षी इंग्लंड बी, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टीमकडून दोन मॅचेस मिळाल्या, करिअरचा सगळ्यात वरचा टप्पा तोच. वेस्ट ब्रॉमबरोबर १९९१ मध्ये रिलेगेशन पण बघितलं, तो क्लब इतिहासात पहिल्यांदाच तिसऱ्या लेव्हलला गेला.

हा काळ खालच्या लीगमधल्या मिडफिल्डरसाठी खेळाच्या दृष्टीने पण विचित्र होता. विम्बल्डन १९७७ मध्ये लीगमध्ये आलं आणि १९८६ मध्ये टॉपला पोचलं, ते लांब बॉल मारून, आणि मग प्रत्येक मॅनेजरला वाटायला लागलं की हेच करायचं. केंब्रिजच्या जॉन बेकने तर कॉर्नरजवळचं गवत मुद्दाम वाढवून ठेवलं की लांब मारलेला बॉल तिथे थांबावा. यात मिडफिल्डरने काय करायचं, तर बॉल डोक्यावरून जाताना मान वर करून बघायचं आणि खाली पडला की भांडायला पळायचं. पास देणाऱ्या पोरांचे हाल झाले, पळणारे टिकले, आणि फोर्ड पळणारा होता. १९८७ मध्ये री-इलेक्शन बंद होऊन सरळ रिलेगेशन आलं, पहिला बळी लिंकन सिटी, आणि त्याच वर्षी प्ले-ऑफ, म्हणजे प्रमोशनसाठीच्या सीझनअखेरच्या मॅचेस, पण सुरू झाले. म्हणजे एकीकडे आशा वाढली आणि दुसरीकडे नोकरीची भीती.

तिशीनंतरचा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. १९९१ ला परत ग्रिम्सबी, ६८ मॅचेस, मध्ये ब्रॅडफर्डला लोनवर ५, मग १९९४ ला स्कंथॉर्प, ७६. १९९६ मध्ये वय ३७, आणि तो नॉन-लीगमध्ये, म्हणजे फुटबॉल लीगच्या बाहेर, बॅरोकडे गेला, हो तेच मतदानात हाकललेलं बॅरो. साधारण इथे गोष्ट संपते, माणूस पार्ट-टाइम खेळतो आणि बाकी दिवस दुसरं काम बघतो. पण काही आठवड्यांतच मॅन्सफिल्डला स्टीव्ह पार्किन मॅनेजर झाला आणि त्याने फोर्डला प्लेअर-कोच म्हणून उचललं. खालच्या लीगमध्ये ही जुनी युक्ती आहे, एका पगारात दोन माणसं, आणि म्हातारा प्लेअर टिकायचं खरं कारण बऱ्याचदा हेच असतं. मॅन्सफिल्डला १०३ मॅचेस झाल्या आणि टेरी पेनचा ८२४ तिथेच मागे पडला.

बाहेर तोवर जग बदललेलं. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपियन कोर्टाचा बॉसमन निकाल आला, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपलेला प्लेअर युरोपियन युनियनमधल्या दुसऱ्या देशात भरपाईशिवाय जाऊ शकतो, आणि १९९८ पासून इंग्लंडच्या आत सुद्धा २४ च्या वरच्या प्लेअरचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की भरपाई नाही. वरच्यांचे पगार आकाशाला गेले. खालच्या मिडफिल्डरला काय मिळालं, तर ३० जूनला कॉन्ट्रॅक्ट संपतं ही धास्ती, दर एक-दोन वर्षांनी. क्लबला विकून पैसे मिळणार नाहीत तर लांबचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं कशाला, असा सरळ विचार.

१९९९ ला पार्किन रॉचडेलला गेला आणि फोर्ड त्याच्याबरोबर. त्याच वर्षी शेजारच्या बरीकडे आपला बायचुंग भुतिया आला होता, एक डिव्हिजन वर, तेव्हा भारतातल्या पेपरांत बरीचं नाव यायचं, पण काही मैलांवर चाळिशी गाठलेला हा माणूस दर आठवड्याला पूर्ण मॅच खेळतोय हे आपल्याला कुठून कळणार. रॉचडेलसाठी ८९ मॅचेस खेळून नोव्हेंबर २००१ मध्ये तो थांबला, वय ४२, एमबीई हा ब्रिटिश सन्मान पण मिळालेला. थांबला ते सुद्धा पार्किन बार्न्सलीला निघाला आणि हा असिस्टंट म्हणून बरोबर गेला म्हणून.

वेळ साधली म्हणायची, कारण मार्च २००२ मध्ये मॅचेस दाखवणारी आयटीव्ही डिजिटल ही टीव्ही कंपनी कोसळली. फुटबॉल लीगशी ३१५ मिलियन पौंडांचं डील होतं, त्यातले १७८ मिलियनच्या वर बुडाले, आणि क्लबांनी ते आधीच पगारात वाटून टाकलेले. त्या उन्हाळ्यात शेकडो प्लेअर्स रस्त्यावर आले, त्यात फोर्डसारखे मधल्या फळीतले, ना फार तरुण ना फार महाग, असे भरपूर. २०१९ मध्ये बरीला लीगमधून काढूनच टाकलं. २०२० मध्ये लीग टू, म्हणजे चौथ्या लेव्हलच्या क्लबांनी पूर्ण टीमच्या पगारावर १.५ मिलियन पौंडांची मर्यादा घातली, युनियन भांडली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती रद्द झाली. साठ वर्षांनी परत मॅक्सिमम वेजचंच भांडण, फक्त माणसाऐवजी टीमवर.

फोर्डच्या क्लबांपैकी मॅन्सफिल्ड २००८ ला, ग्रिम्सबी २०१० आणि परत २०२१ ला, स्कंथॉर्प २०२२ ला, रॉचडेल २०२३ ला फुटबॉल लीगच्या बाहेर पडलं, आणि बॅरो मात्र ४८ वर्षांनी २०२० मध्ये आत आलं. ९३१ चा रेकॉर्ड अजून तसाच आहे. पाच सब्स्टिट्यूट, मोठे स्क्वाड, दर वर्षी वरच्या अकॅडमीतून लोनवर येणारी पोरं, हे सगळं बघता तो कोणी मोडेल असं मला तरी वाटत नाही, आणि मोडलाच तर मोडणाऱ्याकडे कोचचं लायसन्स असेल एवढं नक्की.