आरोग्यसवयींसाठी डिजिटल साधने (ग्रामीण विदर्भ)

मोबाइल अ‍ॅप, मनगटी पट्टा, लघुसंदेश आणि व्हॉट्सअ‍ॅप गट यांच्या मदतीने विद्यापीठीय विद्यार्थ्यांना पुरेशी हालचाल, वेळेवर झोप, तंबाखूपासून दूर राहणे अशा रोजच्या सवयींकडे वळवण्याची पद्धत. केलेली कृती मोजणे, ती आकड्यांत दाखवणे आणि ठरल्या वेळी आठवण देणे ही तिची मुख्य अंगे होत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बी. जे. फॉग यांनी २००९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार इच्छा, सुलभता आणि सूचना या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी जुळल्या तरच कृती घडते; बहुतेक अ‍ॅपमध्ये मात्र सूचनांचाच भडिमार असतो. एकवीस दिवसांत सवय लागते हा समजही खरा नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्याचा मध्यक काळ ६६ दिवस आला आणि व्यक्तीगणिक तो १८ ते २५४ दिवस असा बदलला.

दहा हजार पावलांचे प्रसिद्ध उद्दिष्ट १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’ (दहा हजार पावलांचा मापक) या पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस पावलांची नसून प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमांची आहे. हा फरक विदर्भाच्या खेड्यांत विशेष जाणवतो. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ (१९८३) किंवा गोंडवाना विद्यापीठ (२०११) यांच्या संलग्न महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी सायकलने फाट्यापर्यंत येऊन एस.टी. पकडतात आणि सुटीत घरच्या शेतात राबतात. फोनमधील त्वरणमापी (हालचाल टिपणारा संवेदक) चालण्याच्या ठेक्यावरून पावले ओळखतो. सायकल चालवण्याचे श्रम तो पावलांत धरत नाही. कापूस वेचणाऱ्या विद्यार्थिनीचा फोन धुऱ्यावर डब्याच्या पिशवीत राहिला, तर दिवसभराच्या कष्टानंतर संध्याकाळी तिला ‘आज हालचाल कमी झाली’ असा संदेश येतो. अकोला-चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी ‘उठा, चाला’ म्हणणारी सूचना तर अपायकारकच ठरावी.

येथे खरी गरज आहे ती खर्रा सोडवण्याची. सुपारी, तंबाखू व चुना घोटून पन्नीत दिला जाणारा हा पदार्थ पानठेल्यावरील गप्पांचा भागच झाला आहे. केंद्र शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेली तंबाखूमुक्तीची लघुसंदेश सेवा मिस्ड कॉलने नोंदणी करून साध्या बटणांच्या फोनवरही चालते, त्यामुळे रेंजसाठी गच्चीवर जावे लागणाऱ्या गावांत ती अ‍ॅपपेक्षा सोयीची आहे. परीक्षेच्या ताणासाठी २०२२ पासूनच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही इंटरनेटविना लागतो.

खासगीपणाचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. घरातील एकच स्मार्टफोन भावंडांत फिरत असल्यास मासिक पाळीची नोंद ठेवणारे अ‍ॅप विद्यार्थिनी सहसा उघडत नाही. त्यापेक्षा वहीच्या मागच्या पानावरील खुणा तिला अधिक सुरक्षित वाटतात.