‘डोळ्याबद्दल डोळा’ म्हणजे सूड घ्या, असं नव्हे

बेळगावात टिळकवाडीतली चहाची टपरी असो की खानापूरची बस, धर्मावरून वाद पेटला की नास्तिक मित्र हुकमाचं पान टाकतो: “बायबलच सांगतं, डोळ्याबद्दल डोळा काढा. आणि हेच घरोघरी वाटत फिरता!” ख्रिस्ती मित्र उसळतो: “ते जुन्या करारातलं, बायबलच्या येशूपूर्व भागातलं. येशूनं रद्द केलं.” दोघांचंही अर्धवट.

जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकातलं (अध्याय २१, ओवी २४) हे वाक्य सुडाची मुभा नव्हे, शिक्षेची कमाल मर्यादा आहे. डोळ्यापायी जीव घ्यायचा नाही. त्याच करारातलं लेवीय हे पुस्तक (१९:१८) तर सूड घेऊ नको असं सरळच सांगतं. पुढे यहुदी धर्मपंडितांनी या वाक्याचा अर्थ पैशांत भरपाई असा लावला.

येशू दुसरा गाल पुढे करायला सांगतो खरा (मत्तय ५:३९). पण त्याच अध्यायात, ५:१७ मध्ये, नियमशास्त्र (जुन्या करारातले नियम) रद्द करायला आलो नाही, असंही म्हणतो.

नास्तिकानं खरं तर त्या वाक्याच्या थोडं वर बघावं. निर्गम २१:२०-२१: मारहाणीनंतर गुलाम एक-दोन दिवस जगला तर धन्याला शिक्षा नाही, कारण गुलाम हे धन्याचं धन. यावर समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. (थोडं खाली, २१:२६ मध्ये, धन्यानं गुलामाचा डोळा फोडला तर त्याला मुक्त करा, असंही आहे.)

राहिलं बायबल घरोघरी वाटत फिरणं. संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्मप्रचाराचा हक्क आहे. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये सांगितलं.