लाव्हा वाहतो तसा तडकतोसुद्धा

कुठे ज्वालामुखीची बातमी आली की आमच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरतो, ग्रहणामुळे पृथ्वीच्या पोटातला लाव्हा खवळलाय आणि आता गोव्याच्या समुद्रातही स्फोट होणार. साफ खोटं आहे हे. आपल्या देशातला जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे, गोव्यात नाही. आणि मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, कसा वागणार ते त्याचं तापमान, त्यातलं पाणी आणि तो किती घाईने वर चढतोय यावर ठरतं.

ही घाईची गोष्ट मला फार आवडते. जत्रेत खाजं करणाऱ्याच्या कढईजवळ उभं राहून बघा. गुळाच्या पाकाचा निवत आलेला गोळा हळू ओढला तर तार निघते, तोच गोळा झटक्यात ओढला तर कट्‌कन तुटतो. पाक तोच, ऊबही तीच, फरक फक्त ओढायच्या वेगाचा.

मॅग्माचंही तेच. दाट द्रवाला आतला ताण सैल करायला वेळ लागतो, आणि तो काढायचा तर चिकटपणाला ताठरपणाने भागायचं. वितळलेल्या खडकाचा ताठरपणा साधारण १० चा १० वा घात पास्कल. चिकटपणाही तितकाच, म्हणजे मधाच्या जवळपास १०० कोटी पट असला, तर वेळ येतो १ सेकंद. आता एवढ्या वेळात द्रव स्वतःच्या जाडीच्या साधारण शंभराव्या भागाइतका ओढला गेला की काचेसारखा तडकतो. म्हणजे १ मीटर जाड थराच्या दोन बाजूंच्या वेगात सेकंदाला फक्त १ सेंटीमीटरचा फरक पडला तरी पुरे! आणि असा फरक पडतो मॅग्मा ज्या नळीतून वर येतो तिच्या भिंतीजवळ, कारण मधला मॅग्मा पुढे सरकतो आणि कडेचा भिंतीला धरून राहतो. त्यात वर येताना दाब कमी होऊन पाणी वाफ होऊन निघून जातं, मग मॅग्मा आणखी घट्ट होतो, म्हणजे तडकायला आणखी सोपा.

पण तडा गेला म्हणजे लगेच स्फोट, असं नाही. फटीतून वायू आणि बारीक राख सुटते, ती राख गरमीने पुन्हा चिकटते, फट बुजते, परत ओढ, परत तडा. २०११-१२ मध्ये चिलीतल्या कॉर्दोन काउये ज्वालामुखीच्या एकाच तोंडातून राखेचे फवारे आणि लाव्हा एकाच वेळी बाहेर येत होते, त्यामागे अशाच फटी असाव्यात असं शास्त्रज्ञ मानतात. अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीत २००४ नंतर गोठलेल्या खडकाचा दट्ट्याच वर सरकत आला, कडेला दगडांचा भुगा करत, आणि बारीक भूकंप ठोक्यासारखे दर अर्ध्या ते पाच मिनिटांनी होत राहिले.

आपल्याकडचा मॅग्मा या मानाने खूप पातळ. गोव्याच्या किनाऱ्यावर जुन्या खडकात घुसलेल्या बेसाल्टच्या उभ्या काळ्या भिंती आहेत, डाईक म्हणतात त्यांना, काहींचं वय सुमारे ६.३ कोटी वर्षं निघालंय. पातळ बेसाल्टचा तो सैल व्हायचा वेळ सेकंदाच्या कोट्यंशाच्या घरात असतो, त्यामुळे तो सहसा असा न तडकता वाहतच वर येतो. डाईक दिसला तर कडेला बोट लावून बघा, तिथले कण मधल्यापेक्षा बारीक असतात, भिंतीला लागून मॅग्मा झटकन गोठला ती जागा.