नोटांच्या साठ्याचा किरणांद्वारे शोध

कागदी चलनाचा मोठा साठा न उघडता हुडकण्याचे किरणाधारित मार्ग दोन : सामानावर बाहेरून क्ष-किरण सोडणे, किंवा नोटेलाच किरणोत्सर्गी द्रव्य लावून तिच्यातून निघणारे किरण टिपणे.

पहिला मार्ग नित्याचा आहे. विमानतळावरचे दुहेरी ऊर्जेचे यंत्र, म्हणजे दोन वेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरणारे, पदार्थाच्या सरासरी अणुक्रमांकानुसार (त्याचे अणू हलके की जड यानुसार) रंग दाखवते; हलक्या अणूंच्या पदार्थांना नारिंगी. भारतीय नोटेचा कागद सुती, त्यामुळे गड्ड्या पुस्तकांप्रमाणेच नारिंगी दिसतात. संशय येतो तो एकाच मापाचे ठोकळे रचलेले दिसल्यावर, आणि तो घेतो पडद्यासमोर बसलेला माणूस.

दुसरा मार्ग पूर्व जर्मनीच्या ‘श्टाझी’ या गुप्त पोलिसांनी अवलंबला. माणसे, कागदपत्रे आणि नोटा यांवर त्यांनी छुप्या किरणोत्सर्गी खुणा केल्या. त्यांत स्कँडियम-४६ हे समस्थानिक, म्हणजे स्कँडियम या धातूचा किरणोत्सर्गी प्रकार, होते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे ते क्षय पावून निम्मे उरण्याचा काळ, सुमारे ८४ दिवसांचे असून त्याचे गॅमा किरण कपडे, पाकिटे भेदून जातात. अशी नोट खिशात बाळगणाऱ्याला कशाचाच पत्ता नसे. हे प्रकार उजेडात आले ते जर्मनीच्या एकीकरणानंतर.

भारतात ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर २००० रुपयांच्या नव्या नोटेच्या शाईत फॉस्फरस-३२ हे किरणोत्सर्गी समस्थानिक असल्याची आवई उठली. प्राप्तिकर खात्याच्या धाडी त्याच जोरावर पडतात, असे सांगितले जाई. नोटेच्या जाहीर सुरक्षा वैशिष्ट्यांत असे काही नव्हते, आणि भौतिकीही ही कल्पना मोडीत काढते. फॉस्फरस-३२ चे अर्धायुष्य १४.३ दिवस, म्हणजे शंभर दिवसांत सातदा निम्मे होत ते सुमारे १२८ व्या हिश्शावर येते. वर्षभर दडवलेल्या पैशासाठी ते निरुपयोगीच. शिवाय त्यातून निघतात बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. त्यातले सर्वांत वेगवान कणही पाण्यात आठेक मिलिमीटरच जातात. गड्डीच्या आतल्या नोटांचे कण बहुतांशी गड्डीतच जिरतील, आणि उरलेल्यांना लोखंडी कपाटाचा पत्रा जवळजवळ पूर्ण अडवील. बीटा कण अडताना थोडे क्ष-किरण निर्माण होतात, पण दूरवरून ते टिपायला नोटेवर धोकादायक प्रमाणात द्रव्य लावावे लागेल.

खरी अडचण इथेच आहे. कपाटाबाहेर पोचणारा किरण शरीरातूनही आरपार जातो. चलन हातोहात फिरते, म्हणून किरणांची सर्वाधिक मात्रा पोचेल ती दिवसभर नोटा मोजणारे रोखपाल, किराणा दुकानदार आणि बसचे वाहक यांना. साठा करणाऱ्याच्या नोटा तर कपाटात पडून असतात.